उरलेलं जेवण आणि मावशीचा रिपोर्ट

मावशीचं थायरॉइडच्या कॅन्सरचं ऑपरेशन झाल्यापासून थायरोग्लोब्युलिन हा शब्द आमच्या घरात दूधवाल्याच्या नावाइतका ओळखीचा झालाय. हे प्रथिन थायरॉइडच्याच पेशी बनवतात. त्यामुळे ग्रंथी काढून टाकली की रक्तातला आकडा जवळपास शून्यावर यायला हवा. पुन्हा वाढला, तर आजार परतल्याची शंका. मावशीचा आकडा अगदी कमी आला आणि आम्ही पेढे आणले. डॉक्टरांनी मात्र रिपोर्टातल्या खालच्या ओळीवर बोट ठेवलं. अँटीबॉडी पॉझिटिव्ह. म्हणजे वरच्या आकड्यावर भरवसा नाही.

का नाही, हे शोधता शोधता मी पोचलो थेट १९११ सालच्या मँचेस्टरमध्ये!

तिथे रदरफोर्डच्या प्रयोगशाळेत जॉर्ज द हेवेशी नावाचा हंगेरियन तरुण काम करत होता. घरमालकीण रविवारचं उरलेलं मांस पुढे आठवडाभर रूप बदलून वाढते, असा त्याला संशय. बाई काही कबूल करेना. मग पठ्ठ्याने ताटात उरलेल्या अन्नात चिमूटभर किरणोत्सारी पदार्थ मिसळला आणि नंतर पुढ्यात आलेल्या जेवणाजवळ इलेक्ट्रोस्कोप धरला. चोरी पकडली गेली. (हा किस्सा त्याने स्वतःच सांगितलेला आहे.)

१९३२ मध्ये त्यानेच खडकातलं शिसं मोजायला अशीच खूण मिसळली. समजा, पोत्यात ज्वारीचे दाणे किती ते हवंय. मोजून हजार रंगवलेले दाणे टाका, नीट ढवळा, मूठभर काढा. एका रंगीत दाण्यामागे पाच साधे निघाले तर पोत्यात पाच हजार होते. मूठ लहान की मोठी, वाटेत थोडे सांडले का, काही फरक पडत नाही.

प्रथिनांचं मात्र अवघड होतं. एवढे अवजड रेणू न मोडता मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये उडवायचे कसे? ते १९८०च्या दशकात जमलं आणि त्याबद्दल फेन आणि तानाका यांना २००२चं नोबेल मिळालं. पुढची रीत सोपी वाटते: ट्रिप्सिनने प्रथिनाचे तुकडे करायचे, त्यातल्या एका तुकड्याची कार्बन-१३, नायट्रोजन-१५ घालून बनवलेली 'जड' प्रतिकृती मोजून मिसळायची. हेच रंगीत दाणे. १९९६ मध्ये अपोलिपोप्रोटीन ए-१ असं मोजलं गेलं.

आता मावशी. नेहमीच्या तपासणीत बाहेरून घातलेल्या अँटीबॉडी थायरोग्लोब्युलिनला धरतात. पण मावशीच्या रक्तातल्या स्वतःच्या अँटीबॉडी आधीच तिथे बसलेल्या, त्यामुळे आकडा खोटाच कमी येऊ शकतो. २००८ मध्ये सिअ‍ॅटलच्या हूफ्नागल आणि सहकाऱ्यांनी ट्रिप्सिनने सगळंच चिरलं, अडवणाऱ्या अँटीबॉडीसकट! मग हवा तो तुकडा वेचून मोजला. मला हे फार आवडलं. गाठ सुटत नाही तर कापून टाका.

मावशीला उत्साहाने सांगायला गेलो, पण डॉक्टरांनी पुढचं सांगितलं. अँटीबॉडी असलेल्या काही रुग्णांत आजार असूनही या पद्धतीत काहीच सापडत नाही; बहुधा अँटीबॉडी ते प्रथिन रक्तातून लवकर काढून टाकत असाव्यात. पोत्यात दाणेच नसतील तर मोजणार काय? म्हणून ते अँटीबॉडीचा आकडा चढतोय की उतरतोय यावर नजर ठेवतात, आणि गळ्याची सोनोग्राफी करतात.

ती पुढच्या महिन्यात आहे. पेढे तोवर नाहीत.