तुटण्यासाठी बांधलेलं तोरण

पोळ्याच्या आठ दिवस आधी बाबांचा फोन आला. पुण्याहून येताना तोरण आण म्हणाले, पण प्लास्टिकचं. मी म्हटलं, कागदाचं आणतो, आजी करायची तसं घरीच करू. पलीकडून बाबा हसले. "कागद कायले आनतं रे? पाण्याचे दिवस हायेत. एक सर आली का गयून जाते."

त्यांचं चुकत नव्हतं. पोळा येतो श्रावणाच्या अमावास्येला, ऐन पावसाळ्यात. लहानपणी एका पोळ्याला आमच्या पांढऱ्या बैलाच्या कपाळावरून लाल-गुलाबी ओघळ आलेले मी पाहिले आहेत. आजीनं रात्रभर बसून केलेलं कागदी बाशिंग पाच मिनिटांच्या पावसात विरघळलं होतं. मी रडलो. आजी म्हणाली, पुढच्या वर्षी पुन्हा करू.

आमचं गाव खामगाव तालुक्यात, म्हणजे बुलढाणा जिल्ह्याच्या घाटाखालच्या भागात. इकडे पोळ्याला 'पोया' म्हणतात. संध्याकाळी वेशीजवळ दोन खांबांना आडवा दोर बांधून त्याला आंब्याची पानं लावतात. हे पोळ्याचं तोरण. गावातले सगळे बैल त्याखाली ओळीनं उभे राहतात, झडत्या म्हटल्या जातात, पूजा होते. मग मानाची जोडी पुढे निघते, तोरण तुटतं आणि पोळा फुटतो. तुटलेल्या तोरणातली पानं माणसं घरी घेऊन जातात. तोरण तुटल्याशिवाय सण पुरा होत नाही.

वेशीवरचं तोरण पानांचं, पण घराच्या दाराला आणि गोठ्याला आजी कागदाचं तोरण लावायची. खामगावच्या बाजारातून पतंगी कागदाचे ताव यायचे, थोडी बेगड यायची. तावाच्या घड्या घालून ती कात्रीनं अर्धगोल कापायची, मधे दोरा आवळायची आणि एकेक पदर उलगडत फूल करायची. कणकेची खळ शिजवून पताका चिकटवायची. मग सुतळीवर एक फूल, दोन आंब्याची पानं, पुन्हा एक फूल. हे सगळं कुठून आलं असं विचारलं की तिचं उत्तर ठरलेलं: "पह्यल्यापासून हाये."

बाबांशी वाद झाल्यावर हे 'पहिल्यापासून' म्हणजे नेमकं कधीपासून, ते मी शोधायला लागलो.

तोरण खरंच जुनं आहे. सांचीच्या स्तूपाभोवतीच्या चार दगडी तोरणांचा काळ साधारण इसवी सनपूर्व पहिल्या शतकाचा धरतात. त्यांतल्या एकावर सातकर्णी राजाच्या कारागिरांच्या प्रमुखाचं नाव कोरलेलं आहे. ही तोरणं दगडाची असली तरी त्यांची बांधणी लाकडाची आहे. उभे खांब, त्यांवर आडव्या तुळया, जणू सुतारानं केलेलं काम दगडात उतरवलं आहे. म्हणजे दगडाआधी लाकूड होतं. आपल्या बोलण्यातही तोरण पक्कं बसलंय. सिंदखेड राजा आमच्याच जिल्ह्यातलं. तिथे जन्मलेल्या जिजाऊंच्या मुलानं तोरणा घेतला, तेव्हा 'स्वराज्याचं तोरण बांधलं' असं आपण शाळेत शिकलो. तोरण बांधणं म्हणजे सुरुवात करणं.

पण कागदाचं तोरण एवढं जुनं असूच शकत नाही. कागद आपल्याला नवा नव्हता. आमच्या शेजारच्या जिल्ह्यात, दौलताबाद आणि खुलताबादच्या मधे, कागजीपुरा नावाचं गाव आहे. महंमद तुघलकानं 1327 मध्ये राजधानी दौलताबादला आणली, तिच्याबरोबर कागद करणारे कारागीर आले, असं तिथे सांगतात. चिंध्या भिजवायच्या, कुटायच्या, तो लगदा चाळणीवर उचलायचा, वाळवायचा आणि घोटायचा. एकेक ताव हातानं. असा कागद पोथ्यांसाठी, दफ्तरासाठी, सनदांसाठी. तो कापून बैलाच्या कपाळाला बांधणं कुणा शेतकऱ्याला परवडलं असतं?

कागद उधळण्याइतका स्वस्त झाला तो युरोपात. 1799 मध्ये लुई-निकोला रोबेर या फ्रेंच माणसानं सलग कागद करणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. 1840 च्या दशकात लाकूड दळून लगदा करायची रीत निघाली आणि चिंध्यांची गरज संपली. 1856 मध्ये विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या मुलाला लंडनमध्ये कोळशाच्या डांबरापासून जांभळा रंग सापडला. त्यामागून लाल, गुलाबी, हिरवे स्वस्त रंग आले. यंत्र, लाकूड आणि रंग या तीन गोष्टी जुळल्या, तेव्हा कुठे पतंगी कागद गरिबाच्या हातात पडला.

त्याच काळात आमच्या भागाचंही नशीब बदलत होतं. 1853 मध्ये निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिला. 1861 ते 1865 या अमेरिकेतल्या यादवीत तिकडचा कापूस अडला आणि मँचेस्टरच्या गिरण्या वऱ्हाडाकडे बघू लागल्या. 1870 मध्ये जलंब ते खामगाव हा रेल्वेचा फाटा सुरू झाला, तो मुख्यतः कापसासाठी. मला यात एक गंमत दिसते. चांगला कागद चिंध्यांचा, म्हणजे शेवटी कापसाचाच. आमचा कापूस रुळांवरून बाहेर गेला आणि बाजारात आला तो लाकडाचा रंगीत कागद. आजीचं 'पहिल्यापासून' फार तर दीडशे वर्षांचं असावं.

असं फक्त आपल्याकडे झालं नाही. मेक्सिकोत सणाला रस्त्यांवर नक्षी कापलेल्या पातळ कागदाच्या पताका लावतात. त्या कागदाला तिथे 'चिनी कागद' म्हणतात, कारण तो आशियातून जहाजांनी आला. आज त्या पताका मेक्सिकोची ओळख आहेत. जर्मनीत 1839 मध्ये योहान हिनरिक विकर्न यांनी हॅम्बुर्गच्या गरीब मुलांच्या आश्रमात गाडीचं चाक टांगून त्यावर मेणबत्त्या लावल्या. नाताळला किती दिवस उरले, हे मुलांना मोजता यावं म्हणून. पुढे त्यावर सदाहरित डहाळ्या आल्या, आणि नाताळपूर्वीचं ते कडं जगभर गेलं. आता शाळांतली मुलं ते हिरव्या कागदाचंही करतात. पान, डहाळी, चाक, कागद. हाताशी जे असेल त्याचंच तोरण होतं.

मग प्लास्टिकला नाही का म्हणायचं? आजीनं पानांच्या जोडीला कागद घेतला, बाबांनी कागदाच्या जागी प्लास्टिक घेतलं. परंपरेच्या नावानं मी त्यांना अडवू शकत नव्हतो. कायद्याचाही फारसा आधार नव्हता. महाराष्ट्रानं मार्च 2018 मध्ये प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली. 1 जुलै 2022 पासून देशभर एकदाच वापरायच्या काही वस्तूंवर बंदी आली, तिच्यात प्लास्टिकचे झेंडे आणि सजावटीचं थर्माकोल आहे. प्लास्टिकची फुलं त्या यादीत नाहीत.

माझी अडचण वेगळीच होती, आणि ती मला गावी गेल्यावर कळली. आमच्या दारावर गेल्या वर्षीचं प्लास्टिकचं तोरण तसंच होतं. धूळ बसलेलं, रंग उडालेला, पण शाबूत. ते काढायचं कुणाला सुचलं नव्हतं, कारण ते तुटलंच नव्हतं. आणि गोठा रिकामा होता. आमची जोडी दोन वर्षांपूर्वी विकली. नांगरणी, पेरणी ट्रॅक्टरनं होते. बाबा आता मातीचे बैल पूजतात.

मी ताव काढले. खळ आईनं शिजवली. तावाच्या घड्या किती घालायच्या ते मला आठवेना. थोडा वेळ बाबा नुसते बघत बसले, मग त्यांनी माझ्या हातातून कात्री घेतली. आठ फुलं त्यांनी केली, माझी तीन जमली. आजी फूल उलगडताना त्यावर फुंकर मारायची, हे त्यांना आठवलं. मला ते माहीत नव्हतं. अकरा वाजेपर्यंत आम्ही बैलांबद्दलच बोलत होतो. जोडी विकल्यापासून बाबा त्यांच्याबद्दल इतकं कधी बोलले नव्हते.

दुसऱ्या दिवशी वेशीत मोजून नऊ जोड्या आल्या. तोरण तुटायच्या आधीच पाऊस आला. घरी येईतो दाराचं कागदी तोरण भिजून लोंबत होतं, उंबऱ्यावर गुलाबी थेंब पडले होते.

"सांगतलं व्हतं ना," बाबा म्हणाले.

मग त्यांनी उरलेले चार ताव गुंडाळून माळ्यावर ठेवले.