सौर जलनिर्जंतुकीकरण

पारदर्शक बाटलीत भरलेले पाणी ठरावीक वेळ थेट उन्हात ठेवून त्यातील रोगजंतू नष्ट करण्याची घरगुती पद्धत. जगभर ती ‘सोडिस’ या नावाने ओळखली जाते. तिला इंधन, वीज किंवा औषध लागत नाही. भंडारा जिल्हा सुमारे 21 अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि या पद्धतीसाठी 15 ते 35 अंश उत्तर अक्षांशांमधला पट्टा सर्वांत अनुकूल मानला जातो. मात्र उन्हाने पाण्यातले जंतू मरतात, पाण्यात नवे औषधी गुण येत नाहीत. लोकांत रूढ असलेले बरेच आरोग्यविषयक दावे हा फरक विसरल्यामुळे निर्माण झाले आहेत.

तत्त्व : सूर्यप्रकाशातील 320 ते 400 नॅनोमीटर तरंगलांबीचे अतिनील-अ किरण जंतूंच्या पेशींना थेट इजा करतात. पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूवर याच किरणांची क्रिया होऊन अतिक्रियाशील रेणू तयार होतात आणि तेही जंतूंवर तुटून पडतात. उष्णतेची त्यात भर पडते. पाण्याचे तापमान 50 अंश सेल्सिअसवर गेले, की प्रकाश आणि उष्णता एकमेकांना बळ देतात आणि सहा तासांचे काम सुमारे तासाभरात होते. पाणी उकळण्याची गरज नसते.

इतिहास : दूषित पाणी शुद्ध करण्याच्या उपायांत सुश्रुतसंहितेने उकळण्याबरोबर उन्हात तापवण्याचाही उल्लेख केला आहे. गढूळ पाणी निवळण्यासाठी निवळीच्या बियांचा वापर तिथेच सांगितला आहे. चरकसंहितेच्या ऋतुचर्येत शरद ऋतूतल्या ‘हंसोदक’ पाण्याची प्रशंसा आहे : दिवसा सूर्याने तापलेले, रात्री चांदण्यात निवलेले आणि अगस्त्योदयाने निर्विष झालेले पाणी. सूर्यप्रकाशाने जीवाणू मरतात हे डाउन्स आणि ब्लंट या इंग्रज संशोधकांनी 1877 मध्ये प्रयोगाने दाखवले. आजच्या पद्धतीचा पाया बैरूतच्या अमेरिकन विद्यापीठातील आफ्तिम आक्रा यांनी घातला. अतिसाराने कोरड्या पडलेल्या मुलांना द्यायची जलसंजीवनी स्वच्छ पाण्याची असावी, या काळजीतून त्यांचे प्रयोग झाले. ते ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात 1980 मध्ये प्रसिद्ध झाले. 1991 पासून स्वित्झर्लंडच्या ‘इआवाग’ या जलसंशोधन संस्थेने ही पद्धत तपासून तिचा प्रसार केला.

कृती : दोन लिटरपर्यंतची, रंगहीन, फारसे ओरखडे नसलेली पेट बाटली घ्यावी. वेष्टन काढून ती आतून-बाहेरून धुवावी. पाऊण बाटली भरून, झाकण लावून वीस सेकंद हलवावी, म्हणजे पाण्यात हवा मिसळते. मग ती काठोकाठ भरावी. गढूळपणा पाहण्याची सोपी रीत आहे : भरलेली बाटली वर्तमानपत्राच्या ठळक मथळ्यावर उभी ठेवून तोंडातून खाली पाहावे. अक्षरे वाचता आली तर पाणी चालेल. नाही वाचता आली तर तुरटी फिरवून किंवा रात्रभर स्थिर ठेवून ते निवळू द्यावे आणि कापडातून गाळून घ्यावे. बाटल्या टिनपत्र्यावर किंवा कवेलूंच्या उतारावर आडव्या ठेवाव्यात, म्हणजे किरणांना पाण्याचा कमी थर भेदावा लागतो. स्वच्छ उन्हात सहा तास पुरतात. आभाळ निम्म्याहून अधिक भरलेले असेल तर सलग दोन दिवस ठेवावे. झड लागली असेल तर या पद्धतीवर विसंबू नये. पाणी त्याच बाटलीतून प्यावे. दुसऱ्या भांड्यात ओतून त्यात हात किंवा पेला बुडवला, तर सहा तासांची मेहनत क्षणात वाया जाते. पाच माणसांच्या घराला पिण्यापुरते माणशी दोन लिटर धरले, तर दोन लिटरच्या रोज पाच बाटल्या उन्हात आणि पाच वापरात, अशा दहा बाटल्या लागतात.

भंडारा जिल्ह्यातील संदर्भ : वैनगंगेचा हा जिल्हा तलावांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. माजी मालगुजारी, म्हणजे लोकांच्या तोंडी ‘मामा’, तलाव आणि शेतातल्या बोड्या यांवर इथली धानशेती पोसली गेली. पाणी भरपूर असले तरी ते निर्धोक असतेच असे नाही. नागपूर शहराचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये आणि तिथून वैनगंगेत, गोसेखुर्द धरणाच्या फुगवट्यात उतरते. गावोगावच्या उघड्या विहिरींत पहिल्या पावसाबरोबर वाहून आलेली घाण जाते.

उन्हाळ्यात इथे पारा 42 ते 45 अंशांपर्यंत चढतो. एप्रिल-मे महिन्यांत बाटली पत्र्यावर ठेवली, की सोडिसचे काम चोख होते. हिवाळ्यातल्या निरभ्र दिवसांतही सहा तासांचे ऊन मिळते. खरी अडचण पावसाळ्यात येते. जूनच्या मध्यापासून आभाळ भरते आणि गॅस्ट्रो, कावीळ, विषमज्वर यांचे दिवसही तेच असतात. ज्या महिन्यांत शुद्धीकरणाची गरज सर्वाधिक, त्याच महिन्यांत सूर्याचा भरवसा सर्वांत कमी. म्हणून या जिल्ह्यात ही पद्धत बारमाही उपाय ठरत नाही. पावसाळ्यात पाणी उकळणे, क्लोरीनचे थेंब घालणे आणि ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाने विहिरीत मापून टाकलेली टीसीएल (ब्लीचिंग) पावडर यांना पर्याय नाही. जलसुरक्षकाच्या ओटी चाचणीत पाण्याला पिवळी छटा आली, म्हणजे त्यात क्लोरीन शिल्लक आहे. एचटूएस चाचणीच्या बाटलीतले पाणी एक-दोन दिवसांत काळे पडले, तर त्यात मैल्याच्या जंतूंची शंका घ्यावी. या दोन रंगांची ओळख प्रत्येक घराला असायला हवी.

भंडारा शहर पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे. पंजाब विद्यापीठ आणि इंग्लंडमधील नॉर्थम्ब्रिया विद्यापीठ यांच्या 2005 मधील संशोधनात पितळी भांड्यात ठेवलेल्या पाण्यातील ई. कोलाय जीवाणू सुमारे 48 तासांत नष्ट झाल्याचे आढळले. हे काम पितळेतल्या तांब्याचे आहे. पितळी गुंड उन्हात ठेवून सोडिस मात्र साधत नाही, कारण धातूतून किरण आत शिरत नाहीत.

आरोग्यविषयक दावे : अतिसार कमी होतो, या दाव्याला आधार आहे. तमिळनाडूतील वेल्लोर येथे शंभर-शंभर मुलांच्या दोन गटांवर झालेल्या आणि 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, सोडिसचे पाणी मिळालेल्या मुलांत अतिसाराचे प्रमाण दरवर्षी मुलामागे 1.7 वेळा होते, तर दुसऱ्या गटात 2.7 वेळा. बोलिव्हियातील 2009 च्या मोठ्या अभ्यासात मात्र लक्षणीय घट दिसली नाही. तिथे ही पद्धत नियमाने पाळणारी घरे थोडीच होती. पद्धत चांगली असली तरी रोज न चुकता पाळली, तरच तिचे फळ मिळते.

रंगीत बाटल्यांतल्या ‘सूर्यतप्त’ पाण्याचे दावे वेगळे आहेत. नारिंगी बाटलीतले पाणी कफावर, हिरव्यातले बद्धकोष्ठावर आणि निळ्यातले तापावर, असे सूर्यकिरण चिकित्सेत सांगतात. या विचाराला एडविन बॅबिट यांच्या 1878 च्या अमेरिकी ग्रंथाने चालना दिली. मुंबईत जन्मलेल्या दिनशा घडियाली यांनी रंगीत प्रकाशाचे ‘स्पेक्ट्रोक्रोम’ हे यंत्र अमेरिकेत रोगनिवारक म्हणून विकले. खोट्या दाव्यांबद्दल 1947 मध्ये तिथल्या न्यायालयात ते दोषी ठरले. रंगीत बाटलीतल्या पाण्याने आजार बरा होतो, याला वैद्यकीय पुरावा नाही. उलट गडद काचेत बरेच किरण अडतात, त्यामुळे निर्जंतुकीकरणही अपुरे राहते. उन्हातल्या पाण्यातून ड जीवनसत्त्व मिळते, हाही गैरसमज आहे. ते सूर्याच्या अतिनील-ब किरणांनी माणसाच्या त्वचेत तयार होते, बाटलीतल्या पाण्यात नव्हे.

मर्यादा : फ्लोराइड, नायट्रेट, शेतातून झिरपलेली कीटकनाशके आणि कारखान्यांची रसायने उन्हाने जात नाहीत. चंद्रपूर-यवतमाळकडच्या फ्लोराइडबाधित गावांना ही पद्धत उपयोगी नाही. क्रिप्टोस्पोरिडियमसारखे चिवट परजीवी सहा तासांनंतरही तग धरू शकतात. शुद्ध झालेल्या पाण्यात क्लोरीनसारखे पुढे टिकणारे संरक्षण नसते, म्हणून ते एक-दोन दिवसांत संपवावे. हे पाणी रोग टाळण्यासाठी आहे, रोगावरचा उपचार नव्हे. मुलाला जुलाब लागले तर जलसंजीवनी, झिंक आणि प्राथमिक आरोग्य केंद्र हाच मार्ग. आक्रा यांचे प्रयोगही अशाच मुलांच्या पेल्यातली जलसंजीवनी निर्धोक व्हावी म्हणून सुरू झाले होते.