कॅचरच्या मिटची कुळकथा

बेसबॉलचा कॅचर म्हणजे त्या खेळातला यष्टिरक्षक. आज तो मैदानात येतो तो तोंडावर जाळी, छातीवर गादी, नडग्यांवर कवच आणि डाव्या हातात जाडजूड मिट, म्हणजे गादी भरलेला हातमोजा, असा नखशिखांत सजून. हा सरंजाम जमायला चाळीसेक वर्षं लागली. कातडं, तार, कापूस सगळं हाताशी होतं. आडवी आली ती लाज.

उघडपणे पगारी खेळाडू ठेवणारा पहिला संघ सिनसिनाटी रेड स्टॉकिंग्ज. त्यांचा कॅचर डग ॲलिसन १८७० मध्ये सुजलेल्या हातांवर हरणाच्या कातड्याचे मोजे चढवून खेळला. वर्तमानपत्रात बातमी आली, पण त्याचा कित्ता फारसा कुणी गिरवला नाही. मर्दाने चेंडू उघड्या हातानेच झेलायचा! पुढे १८७७ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या संघाचा कप्तान फ्रेड थेयर याने तलवारबाजांच्या मुखवट्यावरून तारेची जाळी बनवून घेतली आणि आपल्या कॅचरला, जेम्स टिंगला, घातली. ‘उंदराचा पिंजरा’ म्हणून तिची टर उडाली, तरी ती टिकली.

तोंड वाचलं आणि कॅचर बिनधास्त फलंदाजाच्या पाठीला भिडून उभा राहू लागला. मार आता बोटांवर. त्याचा हिशेब पाहायचा तर फ्रँक ‘सिल्व्हर’ फ्लिंटचे हात पाहावेत. जन्म १८५५, फिलाडेल्फिया. १८७९ पासून १८८९ पर्यंत तो शिकागो व्हाइट स्टॉकिंग्जचा कॅचर होता आणि त्या काळात कप्तान कॅप ॲन्सनच्या या संघाने पाच वेळा नॅशनल लीग जिंकली. तेव्हाचे कॅचर वापरत ते फार तर बोटं छाटलेले पातळ मोजे. त्यात १८८४ पासून पिचरला, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याला, खांद्यावरून चेंडू फेकायला मुभा मिळाली आणि मार वाढला. एका रेल्वे अपघातानंतर डॉक्टरने फ्लिंटची वेडीवाकडी बोटं पाहून ती ताजी मोडली आहेत असं समजून बांधायला घेतली, असा किस्सा सांगतात. दंतकथाच असावी, पण ती दुसऱ्या कुणाच्या नावावर खपली नसती.

मिट आला तो फ्लिंटची कारकीर्द संपता संपता. जो गनसन या कॅचरच्या सांगण्यानुसार, त्याने १८८८ मध्ये रंगाच्या जुन्या डब्याची तार, कापडाची गादी आणि वर कातडं असा पहिला मिट घरीच रचला. पेटंट मात्र १८८९ मध्ये हॅरी डेकरच्या नावावर लागलं. फ्लिंटला दोन्हींचा उपयोग नव्हता. जानेवारी १८९२ मध्ये शिकागोत क्षयाने तो गेला, वय ३६.

नडग्या उघड्याच होत्या. १९०७ मध्ये न्यूयॉर्क जायंट्सचा रॉजर ब्रेस्नाहन क्रिकेटच्या पॅडसारखी कवचं बांधून उतरला, तेव्हा प्रेक्षकांनी त्याचीही हुर्यो उडवली. १९४५ मध्ये ब्रेस्नाहनला बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये घेतलं. फ्लिंट तिथे नाही.