न दिलेले मत आणि वाया गेलेले मत

पुण्यात 1873 साली प्रसिद्ध झालेल्या ‘गुलामगिरी’ची अर्पणपत्रिका जोतीराव फुल्यांनी अमेरिकेतील ज्या सज्जनांना उद्देशून लिहिली, ते सज्जन दास्यविमोचनाच्या हेतूविषयी एकदिल असले, तरी मतदानाच्या दिवशी काय करावे या वरवर साध्या प्रश्नावरून त्यांच्यात उभी फूट पडली होती, हे आपल्याकडील वाचकाच्या सहसा ध्यानात येत नाही.

हा कलह 1840 साली विकोपास गेला. बोस्टनहून ‘लिबरेटर’ हे वृत्तपत्र चालविणारे विल्यम लॉइड गॅरिसन यांना प्रथम बलप्रयोगावर उभ्या असलेल्या कोणत्याही सत्तेचा संपर्कच नको होता; पुढे त्यांचे म्हणणे असे झाले की, ज्या राज्यघटनेने गुलामांच्या धन्यांशी तहनामा केला, तिच्याखाली मत देणे म्हणजे त्या तहनाम्यावर आपलीही निशाणी करणे होय. उलट, स्वतः पूर्वी गुलाम बाळगून नंतर त्यांना मुक्त केलेले जेम्स बर्नी यांना त्याच वर्षी स्थापन झालेल्या लिबर्टी पक्षाने अध्यक्षपदासाठी उभे केले, आणि साऱ्या देशातून त्यांना मिळाली सुमारे 7,000 मते. सरकारी मतपत्रिका तेव्हा नव्हती. पक्षच आपापल्या चिठ्ठ्या छापून वाटीत, त्यामुळे असे मत शेजाऱ्यापाजाऱ्यांपासून लपविणे कठीणच होते. (स्त्रियांना तर मताधिकारच नव्हता, आणि न्यूयॉर्क राज्यातील कृष्णवर्णीयांवर 250 डॉलरांच्या मिळकतीची अट होती; त्यामुळे चळवळीचा भार वाहणाऱ्या कित्येकांना हे धर्मसंकट पडण्याचीही सोय नव्हती.)

खरी कसोटी 1844 साली लागली. अध्यक्षपदाचे प्रमुख उमेदवार हेन्री क्ले आणि जेम्स पोक हे दोघेही गुलामांचे धनी. परंतु पोक यांना टेक्सस तत्काळ राज्यसंघात हवे होते, तर क्ले त्यास विरोध करता करता ऐन उन्हाळ्यात डळमळू लागले. न्यूयॉर्कात पोक 5,106 मतांनी पुढे गेले. तेथेच बर्नींना 15,812 मते पडली होती. त्या राज्याची 36 निर्वाचक मते क्लेंकडे वळती, तर अध्यक्ष तेच झाले असते. टेक्सस 1845 त सामील झाले, 1846 त मेक्सिकोशी युद्ध जुंपले, आणि या हिशेबाची बाकी मत देणाऱ्यांनी नव्हे, तर टेक्ससच्या कापसाच्या शेतांत राबणाऱ्या गुलामांनी चुकती केली. इलिनॉयमधील एका तरुण वकिलाने 1845 च्या ऑक्टोबरात एका लिबर्टी पक्षीयास पत्र लिहून हाच हिशेब मांडला होता; त्या वकिलाचे नाव अब्राहम लिंकन.

हा दोषारोप निखालस खोटा म्हणता येत नाही. पण तो अपुरा आहे, असे मला वाटते. बर्नींची मते दप्तरी रुजू झाली होती म्हणूनच प्रस्थापित पक्षांना ती मोजावी लागली, आणि 1848 त गुलामगिरीच्या विस्तारास विरोध करणारा, लिबर्टी पक्षातील बहुतेकांना पोटात घेणारा ‘फ्री सॉइल’ पक्ष उभा राहिला, तेव्हा त्याला दर दहा मतांमागे एक मत पडले. गॅरिसनच्या अनुयायांनी न दिलेल्या मतांची गणती मात्र कोणत्याही दप्तरात सापडत नाही. त्यांच्या अलिप्ततेचा आवाज उमटला तो व्याख्यानांत आणि वृत्तपत्रांत, मतमोजणीत नव्हे.

1844 च्या त्या निवडणुकीनंतर वीस वर्षांनी, 1864 साली, त्याच गॅरिसन यांनी लिंकनच्या फेरनिवडीचा उघड पुरस्कार केला, आणि अलिप्ततेच्या व्रतातील त्यांचे जुने सहकारी वेंडेल फिलिप्स लिंकनच्या विरोधात उभे राहिले.