डोळ्यांआडचा पट: न पाहता खेळण्याच्या विद्येचा मराठी मुलखातील इतिहास

बुद्धिबळात खेळी हाताने करण्याआधी ती मनात करून पाहावी लागते. सोंगटी जागची न हलवता चार-पाच खेळ्यांनंतरचा पट जसाच्या तसा मनापुढे उभा करणे ही या खेळातील मूळ विद्या आहे. आज तिचा सराव संगणकावर आणि मोबाइलवर होतो, म्हणून ती नवी वाटते. प्रत्यक्षात तिच्या सरावाची साधने मराठी मुलखात सुमारे नऊशे वर्षे जुनी आहेत.

कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील राजा तिसरा सोमेश्वर याने १२व्या शतकाच्या पूर्वार्धात ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. त्याची राजधानी म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण. राजाच्या करमणुकीच्या प्रकारांत त्याने चतुरंगालाही जागा दिली आणि तेथेच घोड्याची फेरी सांगितली. एकट्या घोड्याने आपल्या अडीच घरांच्या चालीने ६४ घरे, एकही घर दोनदा न शिवता, पूर्ण करायची. ही फेरी सांगण्यासाठी प्रत्येक घराला नाव हवे. एका दिशेच्या ओळींना व्यंजने आणि दुसऱ्या दिशेच्या ओळींना स्वर देऊन ती सोय केली होती. एक व्यंजन आणि एक स्वर जोडला की घर ठरले. फेरी अक्षरांच्या माळेसारखी पाठ करता येई आणि पट समोर नसतानाही मनात चालवता येई. त्याआधी ९व्या शतकात काश्मीरच्या रुद्रटाने ‘काव्यालंकारा’त ३२ अक्षरांचा असा श्लोक रचला होता की तो सरळ वाचला किंवा घोड्याच्या चालीने वाचला तरी एकच राहतो.

ही परंपरा १७व्या शतकात नीलकंठ भट्ट यांच्या हाती आलेली दिसते. त्यांचे घराणे मूळचे पैठणचे. पूर्वज काशीला जाऊन स्थायिक झाले. ‘भगवंतभास्कर’ या त्यांच्या धर्मशास्त्रावरील मोठ्या ग्रंथाच्या नीतिमयूखात बुद्धिबळाचे नियम येतात आणि घोड्याच्या फेऱ्याही येतात. राजनीतीच्या विवेचनात पटाला जागा मिळावी, यावरून या खेळाकडे केवढ्या गांभीर्याने पाहिले जाई हे कळते.

देशी पट बहुधा एकरंगी कापडाचा असे. काळी-पांढरी घरे युरोपातून आलेल्या पटाबरोबर रूढ झाली. रंगाचा आधार नसल्यामुळे उंटाची तिरपी वाट खेळाडूला नजरेने नव्हे, हिशेबाने धरावी लागे. डाव लिहून ठेवण्याची पद्धतही सर्रास नव्हती. चांगला डाव स्मरणातच राही. मराठी खेळाचे नियम छापील स्वरूपात आले ते उशिरा. विनायक राजाराम टोपे यांचे मराठी बुद्धिबळावरील पुस्तक १८९३ मध्ये पुण्यात प्रसिद्ध झाले आणि पुढे हॅरल्ड मरे यांनी आपल्या १९१३च्या बुद्धिबळाच्या इतिहासात त्याचा उपयोग केला.

पट न पाहता खेळण्याचे प्रयोग बाहेरच्या जगातही जुने आहेत. पटाकडे पाठ करून खेळणाऱ्या सईद इब्न जुबैर यांचे नाव ७व्या-८व्या शतकातील अरबी परंपरेत येते. फ्रान्सच्या फिलिडोरने १७८३ मध्ये लंडनमध्ये न पाहता एकाच वेळी तीन डाव खेळून दाखवले; १९४७ मध्ये साओ पावलोत मिगेल नायडॉर्फने तोच आकडा ४५ वर नेला. असे प्रयोग डोळे दिपवतात खरे, पण विद्येचे मर्म समजले ते अभ्यासकांमुळे. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेद बिने यांनी १८९४च्या ग्रंथात अशा खेळाडूंच्या जबान्या तपासल्या. मनात पटाचे छायाचित्र उमटत असेल, ही त्यांची अपेक्षा होती. निपुण खेळाडूंनी सांगितले ते निराळे होते: सोंगट्यांचा रंग आणि आकार पुसट असतात, स्पष्ट असतो तो त्यांचा परस्परांवरचा जोर. १९७३ मध्ये चेस आणि सायमन या संशोधकांनी त्याला आणखी पुरावा दिला. खऱ्या डावातील स्थिती पाच सेकंद दाखवली तर कसलेला खेळाडू ती नवशिक्यापेक्षा कितीतरी चांगली मांडतो. सोंगट्या कशाही विखुरल्या की त्याची ही आघाडी जवळजवळ नाहीशी होते. म्हणजे सराव करायचा तो चित्र बघण्याचा नाही, संबंध धरून ठेवण्याचा.

याची सर्वांत ठाम साक्ष दृष्टिहीन खेळाडू देतात, आणि या इतिहासात महाराष्ट्राचा वाटा येथे मोठा आहे. शाळकरी वयात दृष्टी गेलेल्या मुंबईच्या चारुदत्त जाधव यांनी दृष्टिहीनांच्या बुद्धिबळाची अखिल भारतीय संघटना उभी करण्यात पुढाकार घेतला. ‘टॉक६४’ ही बोलणारी संगणक प्रणालीही त्यांचीच. प्रतिस्पर्ध्याची खेळी ती आवाजात सांगते, त्यामुळे दृष्टिहीन खेळाडूला डोळस मदतनिसावाचून संगणकावर खेळता येते आणि सराव करता येतो. २०१२च्या ‘अल्गोरिदम्स’ या इयन मॅकडोनाल्ड यांच्या माहितीपटात जाधव आणि देशातील तरुण दृष्टिहीन खेळाडू दिसतात.

स्पर्धेत हे खेळाडू स्पर्शाचा पट वापरतात. त्यात काळी घरे किंचित उंच असतात, प्रत्येक घरात सोंगटी रोवायला भोक असते आणि काळ्या सोंगट्यांवर हाताला कळेल अशी खूण असते. खेळी मोठ्याने उच्चारायची, प्रतिस्पर्ध्याने ती पुन्हा म्हणायची. उभ्या पट्ट्यांची नावे अ‍ॅना, बेला, सीझर, डेव्हिड, ईव्हा, फेलिक्स, गुस्ताव, हेक्टर अशी ठरलेली आहेत. सोमेश्वराच्या ग्रंथातील स्वर-व्यंजने आणि ही नावे यांचे काम एकच: घर डोळ्याविना ओळखता यावे.

डोळसांसाठीची साधने १९८७ मध्ये आलेल्या चेसबेस या बुद्धिबळाच्या संगणक प्रणालीपासून वाढत गेली. २०१० मध्ये सुरू झालेल्या लिचेस या मोफत सेवेत घरांची नावे ओळखण्याचा सराव आहे, सोंगट्या अदृश्य करून खेळण्याची सोय आहे आणि दृष्टिहीनांसाठी वेगळी मांडणीही आहे. इतर प्रणालींत स्थिती दाखवून लपवतात, मग पुढच्या खेळ्या केवळ अक्षरांत देतात आणि अखेरचा प्रश्न विचारतात. घराचा रंग ओळखण्याचा सराव लवकर अंगवळणी पडतो, पण तेवढ्याने खेळ सुधारत नाही. खरा लाभ संबंधांच्या सरावात आहे. कोपऱ्यातल्या घोड्याला तिरप्या दिशेच्या लगतच्या घरात जायला चार खेळ्या लागतात, त्याच तिरप्या रेषेच्या दुसऱ्या टोकाचा कोपरा गाठायला सहा. हे पट न मांडता शोधणाऱ्या मुलाची गणना पक्की होते. त्यापुढची पायरी म्हणजे छापलेला डाव पटाविना वाचणे, आणि त्याला कोणतीच प्रणाली पर्याय नाही.

सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांनी १९४१ मध्ये नूतन बुद्धिबळ मंडळ सुरू केले, तेव्हा सराव म्हणजे समोर बसलेला जोडीदार. पुण्याने पुढे अभिजित कुंटे यांच्यासारखा ग्रँडमास्टर दिला. मुठेकाठचे वारजे हे पूर्वी पुण्याबाहेरचे खेडे. आता ते महानगराचा भाग आहे आणि तेथील मुलाला ही सगळी साधने घरबसल्या मिळतात. आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाच्या (फिडे) नियमांनुसार दृष्टिहीन आणि डोळस खेळाडू एकमेकांशी खेळू शकतात. तेव्हा वारज्यातल्या आणि पुण्यातल्या प्रत्येक बुद्धिबळ वर्गाने स्पर्शाचा एक पट ठेवावा, दृष्टिहीन मुलांना आपल्यात खेळायला बोलवावे आणि डोळस मुलांनाही त्यांच्यासमोर खेळी मोठ्याने उच्चारून खेळायला लावावे.