नाशिकचे वैमानिक निनाद मांडवगणे

कासारवाडीच्या नाशिक फाट्यावरून निघालेला रस्ता भोसरी, मोशी, चाकण, राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव करत नाशिकला पोचतो. दिवसरात्र त्यावर कंपन्यांचे ट्रेलर आणि कामगारांच्या बसगाड्या. आपल्यातल्या कितीजणींचं माहेर याच रस्त्याला आहे. आज आपण ज्यांची आठवण काढणार आहोत, ते या रस्त्याच्या त्या टोकाचे. स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे, हवाई दलातले हेलिकॉप्टरचे वैमानिक.

नाशिककरांना हेलिकॉप्टरचा आवाज नवा नाही. लष्कराचीही स्वतःची हेलिकॉप्टरं असतात. त्यांचा वेगळा विभाग १ नोव्हेंबर १९८६ ला सुरू झाला आणि त्या वैमानिकांचं प्रशिक्षण नाशिकच्या गांधीनगरला चालतं. निनाद मात्र हवाई दलात गेले आणि एमआय-१७ हे मोठं हेलिकॉप्टर चालवू लागले.

लढाऊ विमानाच्या वैमानिकाचं नाव पटकन होतं, सिनेमेही त्याच्यावरच निघतात. हेलिकॉप्टरवाल्याचं काम जरा आपल्या घरकामासारखं, झालं तर कुणाच्या लक्षात येत नाही. डोंगरावरच्या चौकीला रेशन पोचवायचं, आजारी जवानाला खाली आणायचं, पुरात अडकलेल्यांना उचलायचं. २०१३ च्या केदारनाथच्या प्रलयात हवाई दलाचं असंच एक एमआय-१७ मदतीच्या कामावर असताना २५ जूनला गौरीकुंडाजवळ कोसळलं. आतले सगळे २० जण गेले. त्यांत हवाई दलाच्या पाच जणांबरोबर एनडीआरएफचे जवानही होते. चाकणजवळ सुदुंबऱ्याला ज्यांचा तळ आहे, माळीणची दरड कोसळली तेव्हा जे धावून आले, त्याच दलाचे.

आता २०१९ कडे येऊ. १४ फेब्रुवारीला पुलवामात सीआरपीएफचे ४० जवान मारले गेले. २६ तारखेला आपल्या विमानांनी बालाकोटवर हल्ला केला. २७ च्या सकाळी पाकिस्तानची विमानं चालून आली. त्या दिवसाचं म्हटलं की सगळ्यांना अभिनंदन वर्धमान आठवतात. पण त्याच सकाळी दहाच्या सुमारास श्रीनगरजवळ बडगाममध्ये एक एमआय-१७ जळत खाली आलं. निनाद, त्यांचे सहवैमानिक आणि आणखी चार, असे हवाई दलाचे सहा जण त्यात गेले. खाली गावातला एक माणूसही गेला. त्याचं नाव आपल्याकडे कुणी घेत नाही, म्हणून मुद्दाम सांगितलं.

निनाद तेव्हा ३३ वर्षांचे होते. घरी आईवडील, पत्नी आणि अगदी लहान मुलगी. १ मार्चला गोदावरीकाठी त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. गर्दी लोटली होती, घोषणा चालू होत्या. मोबाइलवर तर सगळा देश युद्धाला निघाला होता. त्या दिवसांत त्यांच्या पत्नी पत्रकारांशी बोलल्या. आम्हाला युद्ध नको, असं त्या म्हणाल्या. सोशल मीडियावरची लढाई थांबवा, एवढाच जोश असेल तर सैन्यात भरती व्हा, किंवा घरातल्या कुणाला तरी पाठवा, असंही त्यांनी सुनावलं. नुकतंच कुंकू पुसलेल्या बाईनं रडावं, एवढीच आपली अपेक्षा असते. तिनं सगळ्या देशाला चार शब्द ऐकवले, आणि ते ऐकून घ्यावे लागले. आम्हाला तरी त्या सगळ्या गदारोळात तेवढंच शहाणपणाचं वाटलं.

खरं काय झालं ते बाहेर यायला सात महिने लागले. ४ ऑक्टोबर २०१९ ला हवाई दलप्रमुख भदौरिया यांनी जाहीरपणे सांगितलं, की हेलिकॉप्टर आपल्याच क्षेपणास्त्रानं पडलं आणि ती मोठी चूक होती. श्रीनगरच्या तळावरून ते सुटलं होतं. येणारं हेलिकॉप्टर आपलंच आहे, हे ओळखलं गेलं नाही. पुढे २०२३ साली लष्करी न्यायालयानं एका वरिष्ठ अधिकाऱ्याला बडतर्फ करण्याची शिफारस केली.

मग प्रश्न असा पडतो, की आपल्याच माणसांच्या हातून गेलेल्याची आठवण कशी ठेवायची? काहींना वाटतं, हे बोलू नये, बलिदानाला कमीपणा येतो. आम्हाला तसं वाटत नाही. निनाद त्या सकाळी कामावर होते, आभाळात धोका असताना उडाले होते. चूक दुसऱ्याची झाली म्हणून त्यांचं धाडस तसूभरही कमी होत नाही. आणि चूक झाकली तर पुढच्या वैमानिकाचा जीव जातो. चाकण-भोसरीच्या बायकांना हे वेगळं समजावून सांगायला नको. प्रेस मशीनवर बोटं गेली की 'कामगाराचंच लक्ष नव्हतं' म्हणून कागद मिटवला जातो, आणि महिन्याभरात त्याच मशीनवर दुसऱ्याचा हात जातो.

विचारणाऱ्या बायका सैन्यातही निघाल्या. लष्कराची चीता आणि चेतक ही हेलिकॉप्टरं फार जुनी, मूळ आराखडा फ्रान्सचा, कित्येक दशकांपूर्वीचा. १ ऑक्टोबर २०१४ ला बरेलीत एक चीता पडलं आणि तीन तरुण अधिकारी गेले. त्यानंतर वैमानिकांच्या पत्नी एकत्र आल्या. त्यांच्यातल्या एक वकील होत्या, त्यांनी पुढाकार घेतला. शिस्तीच्या त्या जगात नवऱ्याच्या नोकरीची काळजी करत गप्प बसणं सोपं होतं. तरी त्या २०१५ मध्ये संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकरांना भेटल्या आणि ही जुनी हेलिकॉप्टरं बंद करा, अशी मागणी करून आल्या. त्यांच्या जागी हलकी नवी हेलिकॉप्टरं बनवायला कर्नाटकात तुमकुरूला कारखाना उभा राहिला, फेब्रुवारी २०२३ मध्ये त्याचं उद्घाटन झालं. त्या भेटीला तोवर जवळजवळ आठ वर्षं होऊन गेली होती, आणि चीता तेव्हाही उडतच होतं.