पालकत्वाचे धडे आणि कोयत्याचे पालक

मूल कसे वाढवावे हे शिकविण्याचे कार्यक्रम आता खेड्यापाड्यांत पोचले आहेत. अंगणवाडीत पालक मेळावे भरतात. मुलाशी बोला, त्याच्याशी खेळा, त्याला मारू नका, असे सांगितले जाते. सांगणे चुकीचे नाही. परंतु गाव सोडून पोट भरणाऱ्या आईबापांना हे सांगितले जाते, तेव्हा त्यामागे एक जुना इतिहास उभा असतो. हे कोणी शिकविले, कोणत्या अधिकाराने शिकविले, आणि शिकविताना त्यांच्या हाती काय दिले? मी हिंगोली जिल्ह्यातला. म्हणून हे प्रश्न इथल्या जमिनीवर उभा राहून विचारतो.

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. वसमतकडे पूर्णेच्या कालव्याचे पाणी आहे, ऊस आहे, साखर कारखाना आहे. सेनगाव-कळमनुरीच्या माळावर मात्र पाऊस गेला की काम गेले. मग बौद्ध, मातंग, बंजारा, आंध, वडार अशी कुटुंबे बाहेर पडतात. कोणी वीटभट्टीवर, कोणी पुण्या-मुंबईच्या बांधकामावर, कोणी उसाच्या फडात. मुकादमाकडून उचल घेतली की नवराबायको मिळून होतो 'एक कोयता'. या एका शब्दात सारी व्यवस्था आली. वहीत माणसे दोन, हत्यार एक. बाई स्वतंत्र मजूर म्हणून त्या वहीत नाही, आणि मूल तर कुठेच नाही. ते कोपीत असते, गाडीखालच्या झोळीत असते, नाहीतर आठ-नऊ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर असते. ज्या हिशेबाने आईबापाचे पालकपणच पुसून टाकले, त्या हिशेबाला कोणी पालकत्व शिकवीत नाही.

आपल्या देशात गरिबाच्या पालकत्वावर राज्यसत्तेने पहिला हात टाकला तो संशयापोटी. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. १९११ च्या कायद्याने तर या जमातींची मुले आईबापांपासून काढून सुधारशाळेत ठेवण्याचा अधिकार सरकारला दिला. आईबापाजवळ राहिले तर मूल बिघडेल, हे त्यामागचे गृहीत होते. सोलापूरच्या सेटलमेंटच्या तारांच्या कुंपणात पिढ्या वाढल्या. कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गेला. गृहीत मात्र गेले नाही. 'या लोकांना मुलांची कदर नाही' हे वाक्य आजही कचेरीत, शाळेत, एसटीत सहज ऐकू येते.

याच्या अगदी उलट टोकाला बाबासाहेबांचा उपदेश आहे. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला जमलेल्या स्त्रियांशी ते बोलले. २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या दलित महिला परिषदेत पुन्हा बोलले. मुलींनाही शिकवा, मुलांच्या मनातील न्यूनगंड काढून त्यांना महत्त्वाकांक्षा द्या, लग्नाची घाई करू नका, झेपणार नाहीत इतकी मुले होऊ देऊ नका, असे त्यांनी सुनावले. हे बोल कठोर होते. तरीही आमच्या आज्यांनी ते शिरोधार्य मानले. का? कारण सांगणारा त्यांना अज्ञानी पालक मानीत नव्हता; लढ्यातील भागीदार मानीत होता. महाडचा उपदेश पाण्याच्या हक्काच्या लढ्यात झाला. मूल शिकवा म्हणणाऱ्याने त्या मुलांसाठी वसतिगृहे काढली आणि १९५० साली औरंगाबादेत महाविद्यालयही उभारले. उपदेश आणि साधन एकाच हाताने दिले गेले.

तिसरा एक प्रवाह आहे, आणि त्याची नोंद प्रामाणिकपणे घेतली पाहिजे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाड परिसरात बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. मूल शाळेत येत नाही, तर शाळेने मुलाकडे जावे, हा विचार त्यांनी कृतीत आणला. १९६९ साली मीरा महादेवन यांनी दिल्लीत बांधकामाच्या जागेवर मजुरांच्या मुलांसाठी पाळणाघर सुरू केले. त्यातून 'मोबाइल क्रेशेस' ही संस्था उभी राहिली. या दोन्ही ठिकाणी आईला दोष देण्याआधी मुलासाठी सावली केली गेली.

सरकारने या अनुभवातून काय घेतले? २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी गावोगाव गेली. परंतु ती गावाला बांधलेली राहिली. गावातून अर्धे वर्ष परागंदा होणाऱ्या मुलाच्या मागे ती गेली नाही. १९७२ च्या दुष्काळाने मराठवाड्याला खडी फोडायला लावले. त्यातून रोजगार हमी उभी राहिली. पुढे २००५ च्या राष्ट्रीय कायद्याने ठरविले की, कामावर सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले असतील तर ती सांभाळण्यासाठी एका बाईला नेमून तिला मजुरी द्यावी. १९९६ च्या बांधकाम मजुरांच्या कायद्याने पन्नासहून अधिक स्त्रिया असतील तेथे पाळणाघर सांगितले. म्हणजे मूल सांभाळणे हे मजुरीचे काम आहे, हे तत्त्व मान्य झाले आहे. उसाच्या फडात मात्र ते तत्त्व मला अजून दिसलेले नाही.

उसाच्या वाटेवर प्रयत्न झाले ते मुख्यतः शाळेच्या वयाच्या मुलांसाठी. कारखान्यांवर साखरशाळा निघाल्या. गावात हंगामी वसतिगृहे निघाली. आजीजवळ राहून मूल शाळेत टिकावे ही त्यांची कल्पना. २०२१ साली राज्य सरकारने ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा यांच्या नावे ८२ वसतिगृहांची योजना मंजूर केली. शिक्षण टिकविण्यासाठी हे हवेच. पण याची किंमतही सांगितली पाहिजे. मोठे मूल मागे राहते आणि अर्धे वर्ष आईबापाला दुरावते. तान्हे मूल फडात जाते आणि अंगणवाडीला दुरावते. मधल्या वयाच्या मुलीचा तर बहुधा तान्ह्यासाठी बळी जातो.

अशा कुटुंबापुढे पालक मेळाव्याचा धडा ठेवून पाहा. सेवाग्रामच्या वैद्यकीय संस्थेने युनिसेफच्या साहाय्याने 'आरंभ' हा कार्यक्रम उभा केला आणि तेव्हाच्या औरंगाबाद व यवतमाळ जिल्ह्यांत अंगणवाडीमार्फत तो प्रथम राबविला. मुलाच्या पहिल्या वर्षांत स्पर्श, बोलणे, खेळणे यांनी मेंदू घडतो, हे त्याचे सूत्र शास्त्राला धरून आहे. मी ते नाकारीत नाही. पण पहाटे अंधारात फडात उतरणारी, मोळ्या बांधून डोक्यावरून वाहणारी, रात्री गाडी भरायला उठणारी आई हे बोलणे-खेळणे कोणत्या तासाला करील? ती ओवी जाणते, अंगाईही जाणते. तिच्याकडे नाही तो वेळ, आणि तो तिच्याकडून कोयत्याच्या हिशेबाने काढून घेतला आहे.

विस्थापन हेही दैवाने आलेले नाही. १९६४-६५ साली दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा सत्याग्रह केला तो कसण्यासाठी जमीन मागायला. ती मिळाली असती तर कितीतरी कोयते गावातच राहिले असते. १९७८ साली नामांतराच्या निमित्ताने मराठवाड्यात दलित वस्त्या जाळल्या गेल्या, तेव्हा लेकरांना उचलून गाव सोडणाऱ्या आईबापांना कोणी पालकत्वाचे प्रशस्तिपत्र दिले नाही. मूल जगविणे हेच त्यांचे पालकत्व होते.

म्हणून माझे म्हणणे असे की, पालकत्वाचे शिक्षण जरूर द्यावे. पण त्याचा पहिला धडा कारखानदाराने आणि सरकारने गिरवावा. नवराबायकोची मजुरी दोन माणसांची म्हणून वेगवेगळी लिहावी. गाळपाच्या तळावर अंगणवाडी चालावी आणि मुलाची नोंद त्याच्याबरोबर जावी. तेथे मुले सांभाळणारी बाई त्याच टोळीतली असावी आणि तिला मजुरी मिळावी. एवढे झाले की मग पालकांना बोलवा. ते येतील, ऐकतील आणि चार गोष्टी तुम्हालाही शिकवतील.